गाडीचं छत लोंबकळतंय, काय करू?

प्रश्न: माझी १४ वर्षं जुनी हॅचबॅक आहे, दिवसभर उन्हातच उभी असते. आतलं छताचं कापड सुटून मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं. टाचण्या लावल्या, फेविकॉल लावून पाहिला, आठवड्यात परत खाली. घरी होईल का?

उत्तर: होईल की, पण फेविकॉलचा नाद सोडा. कापडाच्या मागे पातळ फोम असतो, तो उष्णतेने कुजून पिठासारखा होतो, बोट फिरवलं की पिवळा भुगा हाताला येतो, मग त्या भुग्यावर गोंद टिकणार कसा? त्यामुळे कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताचा अख्खा बोर्डच काढावा लागतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग सन व्हायझर, लाइट, हँडल, खांबांवरचं प्लास्टिक, दाराचं रबर. (छताच्या कडेला लपवलेल्या पडदा एअरबॅग, म्हणजे अपघातात खिडकीवर फुगणाऱ्या पिशव्या, असतील तर हात लावू नका, सरळ गॅरेज गाठा.) बोर्ड डिकीच्या दारातून काढायचा, दोघं लागतात, एकट्याने ओढलात तर मधे घडी पडते आणि ती पुढे कायम दिसते. जुना फोम मऊ ब्रशने घासून काढा, तोंडाला मास्क हवाच. नवीन कापड फोमवालंच घ्या, गोंद उष्णता सहन करणारा, बोर्डला आणि कापडाच्या फोमला, दोन्हीकडे लावून जरा चिकट होऊ द्या, मग मधून कडेकडे हाताने दाबत न्या. घाई केलीत की फुगे! कडेला दोन इंच जास्त ठेवून मागे दुमडा. बसवताना उलटा क्रम. एकदोन क्लिपा तुटतातच, आधीच आणून ठेवा.