रंगमंचावरची तलवार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नाटकात दोन पात्रांचे तलवारयुद्ध आहे. दोन्ही नटांनी काही महिने खेळातली तलवारबाजी शिकून घेतली आहे. एवढी तयारी पुरेशी आहे का?

उत्तर : पवित्रा, पावलांची चाल आणि मनगटावरचा ताबा यांसाठी ती मोलाची आहे, पण एका बाबतीत दोघांनाही शिकलेले विसरावे लागेल. खेळात वार लपवायचा असतो आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या ध्यानात येण्यापूर्वी लागावा लागतो. रंगमंचावर मात्र तोच वार आधी जोडीदाराला आणि मग शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला स्पष्ट दिसला पाहिजे. खेळातली फॉइल ही तलवार ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची असते आणि तिचे टोक दोन-तीन इंचांच्या हालचालीत काम उरकते. प्रेक्षागृहातून ती हालचाल दिसतच नाही. म्हणून नाटकातला वार खांद्यापासून सुरू होतो आणि अंगाच्या अलीकडे थांबतो.

क्रमही उलटा असतो : आधी इशारा, मग प्रतिसाद, मग वार. डोक्यावरचा वार घ्या. हल्ला करणारा जोडीदाराच्या डोळ्यांत पाहतो, तलवार मागे नेतो आणि तिथे क्षणभर थांबतो, हा इशारा. तो पाहताच बचाव करणारा आपले पाते कपाळाच्या वर, किंचित पुढे, जवळजवळ आडवे धरतो. उजव्या हाताच्या नटाची मूठ उजवीकडे आणि टोक डावीकडे असते. पाते जागेवर आल्याचे दिसल्यानंतरच वार पुरा होतो आणि पात्यावर पाते वाजते. जोडीदार विसरला आणि त्याचा हात वर आलाच नाही, तर वार पुरा करायचा नाही. वेग वाढला की मधला क्षण इतका आखडतो की बचाव आधी झाला होता हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते नाट्यतलवारबाजीतले निम्मे शिक्षण एवढ्या एका क्रमात आहे, आणि घाईच्या तालमीत नेमका तोच पहिला सुटतो.

प्रश्न : तालमीत ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’ असे आकडे ओरडले जातात. ते पॅरीचे, म्हणजे वार अडवण्याचे, आकडे आहेत एवढे कळते, पण त्यांच्या क्रमामागचा हिशेब लागत नाही.

उत्तर : हिशेब शरीराच्या भागांत शोधला तर लागणार नाही, कारण मुळात तो हाताच्या वळणाचा आहे. कामिल्लो आग्रिप्पा या इटालियन वास्तुतज्ज्ञाने १५५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चार मुख्य पवित्रे मांडले आणि त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा अशी साधी नावे दिली. म्यानातून तलवार उपसल्याबरोबर हात ज्या स्थितीत असतो तो पहिला. रिकाम्या उजव्या हाताने करून पाहा : अंगठा खाली आणि तळवा बाहेर ही पहिली स्थिती, तिथून मनगट फिरवत गेलात की तळवा जमिनीकडे वळतो ती दुसरी, अंगठा वर येतो ती तिसरी, तळवा आकाशाकडे वळतो ती चौथी. पुढे फ्रेंच परंपरेत प्रीमपासून ऑक्टाव्हपर्यंत आठ पॅरी रूढ झाल्या.

रंगमंचावर बहुधा पाचांत भागते. टोक वर ठेवून तलवारीच्या बाजूचा दंड वाचवते ती तीन, दुसऱ्या बाजूचा वाचवते ती चार, टोक खाली ठेवून कमरेच्या त्याच दोन बाजू सांभाळतात त्या अनुक्रमे दोन आणि एक, डोक्यासाठी पाच. मात्र तलवारीच्या विरुद्ध बाजूच्या कमरेला काही शिक्षक ‘सात’ म्हणतात, त्यामुळे पहिल्याच तालमीत आकडे ठरवून घ्यावेत. वार पात्याच्या मुठीजवळच्या जाड भागावर घ्यावा, टोकाकडच्या लवचीक भागावर नाही. पॅरीनंतर लगेच केलेला उलट वार म्हणजे रिपोस्ट; आणि एका बाजूला वाराची हूल देऊन दुसरीकडे वळणे म्हणजे फेंट.

प्रश्न : दोघांत अंतर किती असावे?

उत्तर : हात पूर्ण लांबवून आणि पुढचा गुडघा वाकवून लंज मारली, तरी टोक जोडीदारापासून किमान वीतभर दूर राहावे. तालमीच्या आरंभी हे प्रत्यक्ष मोजावे, कारण दमलेला नट नकळत पुढे सरकतो. तोंडाच्या दिशेने टोक कधीही नेऊ नये. पोटात तलवार खुपसायची असेल, तर पाते प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूने, अंगाला न लागता पुढे जाते. ते लागल्याची खात्री पटवून देणे ही जखमी होणाऱ्या नटाची कामगिरी असते. त्याचा अडकलेला श्वास आणि आखडलेले पोट यांवरच प्रेक्षक विश्वास ठेवतात.

प्रश्न : धार काढून टाकलेली जुनी तलवार वापरली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तिचे पाते वारंवार पात्यावर आपटण्यासाठी घडवलेले आहे की नाही, हे पाहून कळत नाही. रंगमंचासाठी मुद्दाम बनवलेल्या बोथट, गोल टोकाच्या तलवारीलाही प्रत्येक तालमीनंतर खाचा पडतात आणि त्यांच्या कडा हात कापतात. कडेवरून सुती फडका हलकेच ओढावा. जिथे धागा अडकेल तिथे कानस फिरवावी. मुठीच्या बुडाचा गोळा सैल झाला आहे का, तेही त्याच वेळी पाहावे.

प्रश्न : ऐन प्रयोगात नट पुढचा वार विसरला तर?

उत्तर : त्यासाठी लढाई आधीच पाच-सहा वारांच्या तुकड्यांत बांधावी. विसरलेल्याने दोन पावले मागे यावे, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवून फेरा घ्यावा आणि ठरलेल्या इशाऱ्यावर पुढचा तुकडा सुरू करावा. हा फेरासुद्धा तालमीत बसवावा, आणि प्रत्येक प्रयोगाआधी सगळी लढाई प्रयोगातलेच जोडे घालून एकदा निम्म्या वेगाने व एकदा पूर्ण वेगाने करावी.