शाओलिन या चीनमधल्या बौद्ध मठावरच्या सिनेमांत बौद्ध धर्म खरंच असतो, की नुसती मुंडलेली डोकी आणि मारामारी?

असतो. आणि तो बहुतेक वेळा प्रवचनात नाही, अंगमेहनतीत असतो.

इतकं ठासून सांगतोय कारण आमच्या घरात यावरून कडाक्याचे वाद झालेत. मामा विहारात नेमाने वंदनेला जाणारे. पहिलं शील, म्हणजे जीवहत्या न करण्याचं, मोडायचं आणि वर बुद्धाचं नाव घ्यायचं, हे त्यांना खपत नाही. मी 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) लावला होता. तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या सैनिकांची कापाकापी सुरू झाली तसे मामा म्हणाले, "बंद कर. सूड घ्यायला कुणी भन्ते होतं का?" मी म्हटलं, मामा, पुढे तेच तर आहे, बसा. ते उठून गेले.

पुढे काय आहे? सिनेमाचा नायक, सान ते नावाचा तरुण, सुडासाठीच शाओलिनला येतो आणि प्रशिक्षणाच्या दालनांतलं थेट सगळ्यात वरचं दालन मागतो. तिथे लाथा-बुक्क्या नाहीतच, भिक्खू सूत्रपठण करत बसलेत. त्याला ओ की ठो कळत नाही, तो बाहेर फेकला जातो. मग तळापासून सुरुवात. पाण्यात तरंगणारे ओंडके ओलांडल्याशिवाय जेवण नाही. दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की बरगडीत टोचणार. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग स्वतः कुंग फूच्या घराण्यातला, म्हणून तो हे घाईत उरकत नाही. सिनेमाचा मोठा भाग हेच चालतं. याला साधना नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या भिक्खूने शाओलिनमध्ये कुंग फू शिकवलं, ही मात्र दंतकथा. ते नातं जुळलं सतराव्या शतकातल्या 'यिजिन जिंग' या व्यायामाच्या ग्रंथामुळे. शाओलिनचे भिक्खू लढले हे खरं आहे: ६२१ साली त्यांनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला लढाईत मदत केली, ७२८ च्या शिलालेखात तेरा जणांची नावं आहेत.

आता मामांच्या बाजूचंही सांगतो. सान ते शेवटी सूड घेतोच. आणि त्या काळच्या कितीतरी हाँगकाँगी सिनेमांत चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, हा फक्त पोशाख आहे.

म्हणून तुम्ही दिग्दर्शक किंग हूचा 'अ टच ऑफ झेन' (१९७१) आधी बघा. त्यातले महास्थविर शस्त्राला हात लावत नाहीत. पश्चात्तापाचं सोंग घेतलेला माणूस त्यांना भोसकतो, तेव्हा जखमेतून सोनेरी रक्त येतं. सिनेमा तीन तासांचा आहे, बांबूच्या बनातल्या लढाईवर थांबू नका. मामांनी तो पूर्ण पाहिला आणि तरी नाही म्हणाले तर मी ऐकून घेईन. अर्ध्यातून उठून गेलेल्या माणसाचं मत मी धरत नाही.