वाचक विचारतात : नुव्हिस्टर

प्रश्न : ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओही बाजारात आला. असे असताना अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९५९ मध्ये 'नुव्हिस्टर' ही नवी निर्वात नलिका (व्हॉल्व्ह, म्हणजे आतील हवा काढून टाकलेली, विद्युत संदेश वाढवणारी नलिका) का आणली?

उत्तर : ट्रान्झिस्टर आला त्याच दिवशी व्हॉल्व्ह कालबाह्य झाला, हा समज चुकीचा आहे. त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने बिघडत, आणि दूरचित्रवाणीच्या उच्च वारंवारतेवर क्षीण संदेश वाढवताना स्वतःची खरखर त्यात मिसळत. नुव्हिस्टर या बाबतीत सरस होता. अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान असलेल्या या नलिकेत काच नव्हतीच; धातूचे कवच आणि सिरॅमिकची बैठक होती. नेहमीच्या नलिकेत विद्युतअग्रांना (इलेक्ट्रोडना) अभ्रकाच्या चकत्यांचा आधार लागतो, तर येथे एकात एक बसवलेली दंडगोलाकार अग्रे एकाच टोकाला सिरॅमिकवर उभी असत. सर्व सांधे निर्वात भट्टीत प्रखर उष्णतेने जोडले जात, त्यामुळे धक्के आणि कंपने सोसण्याची ताकद तिच्यात येई. ही रचना मला त्या युगातील सर्वांत देखणी अभियांत्रिकी वाटते.

नुव्हिस्टरचा ६सीडब्ल्यू४ हा प्रकार दूरचित्रवाणी संचांच्या ट्यूनरमध्ये, म्हणजे वाहिनी निवडणाऱ्या भागात, वापरला गेला. अँपेक्स कंपनीच्या एमआर-७० या ध्वनिमुद्रण यंत्रातही नुव्हिस्टर होते. मात्र आतील तंतू तापवण्यासाठी नुव्हिस्टरला ६.३ व्होल्टवर सुमारे ०.१३ अँपिअर प्रवाह सतत लागे. ट्रान्झिस्टरला असा खर्च नव्हता, आणि सिलिकॉनचे सुधारित ट्रान्झिस्टर स्वस्त होताच नुव्हिस्टर मागे पडला.