घाटात तापून तडकणार नाही अशी ब्रेक डिस्क डिझाइन करायची तर जास्त मजबूत ग्रेडचं बीड (ओतीव लोखंड) घ्यावं का? डिस्कला भोकं पाडून फायदा होतो का?

मजबूत ग्रेड घेऊ नका आणि भोकंही पाडू नका. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण 'जास्त मजबूत ग्रेड' वाचलं आणि आमचे दाजी आठवले, त्यामुळे आता थांबवत नाही.

मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नपासून भट्टीपर्यंत सगळीकडे हात काळे केलेत. दाजी पुण्यात, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत डिझाइनला. त्यांच्या कंपनीची एका पिकअपची पुढची डिस्क आमच्याकडे ओतली जायची. त्यामुळे दिवाळीला बहीण माहेरी आली की पंगतीत पुरणपोळीबरोबर ब्रेकही वाढला जायचा.

तक्रार आली ती चोर्ला घाटातून. बेळगावची भाजी घेऊन गोव्याला जाणाऱ्या पिकअप जांबोटी, कणकुंबी करत साखळीला उतरतात. गाडीत माल किती भरलेला असतो ते तुम्हीही बघितलं असेल. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे महाभाग आहेतच. या गाड्यांच्या डिस्कवर निळे डाग पडायला लागले, मग बारीक चिरा. दाजींचा मेल आला: चिरा पडतात म्हणजे लोखंडाची ताकद कमी पडतेय, एफजी २२० ऐवजी एफजी २६० (दोन्ही ग्रे आयर्नच्या, म्हणजे साध्या बिडाच्या ग्रेड, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) करा, नाहीतर सरळ एसजी आयर्नमध्ये (बिडाची आणखी मजबूत जात) ओता.

आमच्या भट्टीवरच्या मेस्त्रींनी तो मेल मालकांकडून ऐकला आणि एवढंच म्हणाले, "लोखंड कडक केलं म्हणून गार होतंय काय हो?"

हाच मुद्दा मी दाजींना वर्षानुवर्षं सांगतोय. माल भरून २,५०० किलोची झालेली गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली तर ब्रेकला साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी घाटात ६०० मीटर खाली उतरवा, दीड कोटी ज्यूलच्या जवळ जाता. चाळीस पटींहून जास्त! पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी दहा किलोच्या धरल्या आणि सगळी उष्णता त्यांच्यातच साठली, तर तापमान चौदाशे अंशांहून जास्त वाढेल. बीड १,१५० ते १,२०० अंशांच्या दरम्यान वितळतं. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण बराच भार इंजिन घेतं, मागचे ब्रेक घेतात, वारा उष्णता नेतो. पण दुखणं ताकदीचं नाही हे यातून कळायला हरकत नसावी. उष्णता पृष्ठभागावरून आत किती लवकर जाते आणि तिथून हवेत किती लवकर पडते, सगळा खेळ तिथे आहे.

ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं, त्यातून उष्णता पळते. वाहकता ५० वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास. एसजीमध्ये ग्रॅफाइटचे सुटे गोळे होतात, ताकद दुपटीने वाढते, पण वाहकता ३०-३५ वर येते. म्हणजे वरचा थर जास्त तापणार, आतला मागे राहणार. त्यात एसजी ताठ, प्रसरण सहजी सोसून घेत नाही, त्यामुळे आतला ताण आणखी वाढतो. एफजी २६० एवढं टोकाचं नाही, पण ताकद वाढवायला कार्बन कमी करावा लागतो, म्हणजे दिशा तीच.

मालक हुशार माणूस. म्हणाले, भांडू नका, दोन्ही ओतू. एक हीट (भट्टीतून एका वेळी निघणारं लोखंड) दाजींच्या म्हणण्याप्रमाणे एसजीची, एक माझ्या आणि मेस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे कार्बन ३.७ टक्क्यांपर्यंत चढवलेली. खानापूरकडच्या एका भाजी व्यापाऱ्याच्या गाड्यांना दोन्ही बसवल्या, पॅड एकाच बनावटीचे. एसजीवाला ड्रायव्हर थोड्याच दिवसांत दारात. "स्टेरिंग हातात नाचतंय की हो, आणि ब्रेक मारलं की शिट्टी वाजतंय." डिस्क काढून डायल लावला तर लाट आलेली, ठिकठिकाणी निळी पडलेली. जास्त कार्बनवाली गाडी भाजी वाहत राहिली. तिची डिस्क थोडी लवकर झिजली, हे कबूल. पण झिजलेली डिस्क माप घेतलं की कळते, तडकलेली कळेपर्यंत तुम्ही वळणावर असता.

यावर दाजी काय म्हणाले असतील? "टेस्ट बारची ताकद ड्रॉइंगपेक्षा कमी आली आहे." पुढे कधीतरी ड्रॉइंग बदलून आलं, कार्बन ३.६ ते ३.८. कोणामुळे बदललं ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यावर पुण्यात प्रेझेंटेशन झालं म्हणे, छान झालं म्हणे.

असो. तुमच्या डिझाइनकडे येतो.

पहिलं वजन बघा. रिंग, म्हणजे पॅड जिथे घासतात तो भाग, जाड आणि जड असेल तर तापमान हळू चढतं. मग आतल्या पंख्या, म्हणजे रिंगच्या दोन गालांमधल्या, हवेला वाट देणाऱ्या पट्ट्या. हवा आतल्या व्यासाकडून शिरून बाहेर फेकली जाते, म्हणून आतलं तोंड मोकळं ठेवा. डिस्कमागच्या चिखल अडवणाऱ्या पत्र्याने ते झाकलं तर पंख्या कितीही सुंदर काढा, उपयोग नाही. वाकड्या पंख्या केल्या तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी होते, आणि गॅरेजवाला त्यांची अदलाबदल करणार हे धरून चाला. सरळ पंख्या बऱ्या. ओतताना कोअर (गालांमधली पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा) सरकला तर एक गाल जाड, एक पातळ होतो, आणि दोन्ही वेगवेगळे तापतात. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही, म्हणून ड्रॉइंगवर दोन गालांच्या जाडीतल्या फरकाची मर्यादा लिहा. विद्यार्थी कधीच लिहीत नाहीत. दाजीही लिहीत नव्हते.

टोपी (चाकाच्या हबवर बसणारा मधला उंच भाग) आणि रिंग यांचा जोड फार महत्त्वाचा. २८० मिलिमीटरची रिंग ४०० अंशांनी तापली तर व्यासात सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढते. टोपी मात्र तेवढी तापलेली नसते, ती मुळाशी धरून ठेवते, मग रिंग एका बाजूला छत्रीसारखी कलते. मुळाशी खाच घेऊन तो गळा थोडा लवचीक करा, आणि कोपऱ्यात मोठी त्रिज्या ठेवा.

भोकं? वस्तुमान कमी होतं आणि चिरेला सुरुवात करायला जागा मिळते. जुन्या पॅडमधून वायू निघायचा तेव्हा त्यांना अर्थ होता. आज चारचाकीच्या बिडाच्या डिस्कला भोकं पाडणं म्हणजे अलॉय व्हीलमधून दिसायची हौस. फारच हवं असेल तर उथळ खाचा घ्या.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जड ट्रकच्या डिस्कला नुसता कार्बन वाढवून भागत नाही. तापलेल्या अवस्थेत ताकद टिकावी म्हणून थोडं क्रोमियम, मॉलिब्डेनम, तांबं घालतात, म्हणजे दाजींच्या म्हणण्यात तेवढ्यापुरतं तथ्य आहे (हे त्यांना दाखवू नका). कार्बन वाटेल तेवढाही चढवू नका, ग्रॅफाइट वर तरंगून जाड होतं आणि डिस्क भुसभुशीत निघते. मोटरसायकलच्या डिस्क स्टेनलेसच्या आणि भोकांच्याच असतात, तिथे चाक उघडं असतं, हिशोब वेगळा. आणि तुम्ही कॉलेजच्या स्पर्धेतली हलकी गाडी करत असाल तर वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही. तिथे चार-पाच मिलिमीटरची स्टीलची पातळ डिस्क चालून जाते.

डिस्क टिकली म्हणजे ब्रेक टिकला असंही समजू नका. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की ती हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. मग डिस्क शाबूत आणि पायडल तळाला. आमच्या पावसात ऑइल वेळेवर बदला. आणि घाट उतरल्यावर धुरकटलेल्या चाकावर ओढ्याचं पाणी ओतणारे दिसले तर त्यांना आवरा, बऱ्याच चिरा तिथेच जन्मतात.

ॲनालिसिस करताना एकदा करकचून थांबवल्याची केस दाखवून मोकळे होऊ नका. वीस मिनिटं सतत ब्रेक लावून उतरण्याची केस चालवा, वेग ताशी तीसच धरा, कारण त्या वेगाला पंख्यांमधून हवा फारशी जात नाही. आकडे आले की इथेच टाका, बघतो.