‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’ म्हणजे ‘जुनाट सूज’ का?

प्रश्न असा आहे: ‘वाढत्या वयातली जुनाट सूज हृदयविकाराला कारणीभूत ठरते’ असे वाक्य एका आरोग्यलेखात वाचले. अंगावर सूज नसलेल्या माणसाने यातून काय समजायचे?

शंका रास्त आहे. मराठीत सूज डोळ्यांना दिसते, बोटाने दाबून कळते. उतारवयात पावलांवर येणारी सूज तर पुष्कळदा पाणी साठल्याने येते. ती गोष्टच वेगळी. तरीही असे वाक्य वाचून ‘माझे पाय सुजत नाहीत, मला काय भीती’ असे कुणालाही वाटेल.

इन्फ्लमेशन म्हणजे इजा किंवा जंतूंविरुद्ध शरीर देते तो प्रतिसाद. रोमन ग्रंथकार सेल्ससने पहिल्या शतकात त्याची चार लक्षणे नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. काटा रुतून ठणकणाऱ्या बोटात ती चारही सापडतात. वयाबरोबर वाढणाऱ्या क्रॉनिक प्रकारात बहुधा एकही जाणवत नाही. रक्तात सीआरपी, इंटरल्यूकिन-६ यांसारखी इन्फ्लमेशनची खूण सांगणारी द्रव्ये वर्षानुवर्षे थोडी चढलेली राहतात, एवढेच. विभाजन थांबलेल्या पण न मेलेल्या पेशी आणि पोटातली चरबी त्यात भर घालत असतात.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पेटवणे’, म्हणून मी ‘दाह’ निवडेन. आयुर्वेदाच्या ग्रंथांतला ‘शोथ’ पुन्हा सुजेपाशीच नेतो. मात्र नुसता ‘दाह’ म्हटले की छातीतली जळजळ किंवा लघवीची आग आठवते, आणि लोक सब्जा-गुलकंदाकडे वळतात. इथे उपयोग आहे तो रोजच्या चालण्याचा, पोटाचा घेर उतरवण्याचा, तंबाखू-मिश्री सोडण्याचा. हिरड्यांचे दुखणेही अंगावर काढू नये. म्हणून विशेषण हवेच. वैद्यकीय लेखनात ‘चिरकारी दाह’ ठीक; सर्वसामान्य वाचकासाठी ‘धुमसता दाह’, कारण राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वरून दिसत नाही.

इटलीच्या क्लॉदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन + एजिंग, म्हणजे वय वाढणे) हा जोडशब्द रूढ केला. त्याला ‘वार्धक्यदाह’ चालावा.

क्रियापदही जपून वापरावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस या औषधचाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांचा समावेश होता. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाने पुढचे झटके कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. जंतूंशी लढायला शरीराला दाह लागतोच. तेव्हा ‘दाह विझवा’ असे लिहू नये, ‘दाह आटोक्यात ठेवा’ असे लिहावे.