इस्तंबूलला ११ तासांचा थांबा आहे, एकटीने विमानतळाबाहेर पडावं का?

पडा, अगदी नक्की पडा. तुम्ही लिहिलंय की मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मध्ये इस्तंबूलला ११ तास आहेत, शेंगेन व्हिसा हातात आहे, आणि घरचे म्हणताहेत, एकटी कुठे फिरणार, आतच बसून राहा. मलाही असंच सांगितलं होतं. गेल्या वर्षी लेकीकडे जर्मनीला निघाले तेव्हा वय ५६, आणि परदेशात एकटीने जायची ती पहिलीच वेळ. सकाळी साडेदहाला उतरायचं, रात्री साडेनऊला पुढचं विमान.

आधी कागदपत्रांचं बघा. आपल्या पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायला तुर्कस्तानचा व्हिसा लागतो. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा घरबसल्या होतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तसंच दिसणारी बरीच दुकानं ऑनलाइन मांडलेली आहेत. आणि तुमच्या शेंगेन व्हिसावरची सुरुवातीची तारीख नीट वाचा. इस्तंबूलला उतरता त्या दिवशी तो चालू असायला हवा. पुष्कळांची तारीख फ्रँकफर्टला पोचायच्या दिवशी सुरू होते आणि मध्यरात्रीच्या हिशेबात एक दिवस चुकतो.

आता तास मोजा. विमानातून उतरून पासपोर्टची रांग संपेपर्यंत दीड तास धरा. शहरात जाऊन-येऊन अडीच तास. विमानाच्या तीन तास आधी परत, कारण तो विमानतळ अफाट आहे, नुसतं गेटपर्यंत चालायलाच वेळ लागतो. म्हणजे हातात उरले चार. या चार तासांत हागिया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा आणि ग्रँड बाजार अशी यादी घेऊन निघालात तर रांगाच पाहून याल. हागिया सोफिया इ. स. ५३७ ची वास्तू. २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे, परदेशी पाहुण्यांना तिकीट काढून वरच्या सज्जात सोडतात. तिला अर्धा दिवस द्यावा, नाहीतर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एकच गोष्ट ठरवली होती: बोटीने पलीकडे जायचं आणि बोटीनेच परत यायचं. माझं माहेर उरणचं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. युरोप आणि आशिया यांच्या मध्ये बॉस्फरसचं पाणी आहे आणि तिथले नोकरदार ते रोज बोटीने ओलांडतात, हे वाचलं तेव्हाच ठरलं.

पाठीवरची पिशवी जड असेल तर विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे. पाटीवर ‘एमानेत’ लिहिलेलं असतं. आपण अनामत म्हणतो, तोच शब्द. असे शब्द दिवसभर भेटत राहतात. बिलाला ‘हेसाप’, साबणाला ‘साबुन’, हवेला ‘हावा’. परक्या गावात एवढ्यानेसुद्धा धीर येतो.

बाहेर मेट्रोच्या स्टेशनावर यंत्रातून इस्तंबूलकार्ट घ्या. तेच कार्ड मेट्रोला, ट्रामला आणि बोटीलाही चालतं. एम-११ मेट्रोने अर्ध्या तासात गायरेत्तेपे. तिथून लांबलचक भुयारी वाटेने चालत एम-२ ला या आणि हालिच स्टेशनाला उतरा. हे स्टेशन चक्क पुलावर आहे, खाली गोल्डन हॉर्नची खाडी. भुयारातून गाडी एकदम पाण्यावर येते तेव्हा वाशीच्या पुलाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथून काठाकाठाने दहा-पंधरा मिनिटं चाललं की एमिनोनूचा धक्का.

आशियाच्या बाजूच्या कादिकॉयची बोट पकडा. धक्क्यावर दालनात थांबायचं, वेळ फलकावर दिसते, बोट लागली की दारं उघडतात. मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल तर बोटीत पाय ठेवण्याचं. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागतच नसे, आणि लागली तरी शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुणीतरी हात देऊन ओढून घ्यायचं. इथे धक्का आणि बोट जवळजवळ एका पातळीवर. बॉस्फरसला भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसतेच. (जावयांनी नंतर सांगितलं की वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे वाहतं आणि त्याच्या खालून जास्त खारं पाणी उलट्या दिशेने. हे आधी कळलं असतं तर मी आणखी वाकून पाहिलं असतं.)

वरच्या मजल्यावर उघड्या बाकावर बसा. कमरेत निमुळत्या काचेच्या छोट्या ग्लासातून कोरा चहा येतो, बरोबर सिमित घ्या. तीळ लावलेलं पावाचं कडं असतं ते. मांडव्याच्या बोटीमागे हिवाळ्यात सीगल लागतात, तसेच इथेही लागतात, आणि लोक त्यांना सिमितचे तुकडे उडवतात. वीस-पंचवीस मिनिटांत आशिया. उतरण्याआधी पाण्याच्या अगदी काठाला हैदरपाशा स्टेशनची जर्मन धाटणीची इमारत दिसते.

कादिकॉयच्या बाजारात मी दीड तास नुसती फिरले. मासळीची दुकानं, लोणच्याच्या बरण्यांच्या भिंती, ऑलिव्हचे ढीग. मासळीवाले ओरडतात तो सूर आपल्याकडचाच. शाकाहारी असाल तर ‘एत्सिझ’, म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करा. गोझलेमे खा, पातळ पोळीत पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजतात. मसुराचं सूप लिंबू पिळून खाल्लं की आमटीच आहे असं वाटतं, पण ते कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा विचारून घ्या.

एकटीचं म्हणाल तर दिवसाउजेडी मला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही. बोटीत माझ्यासारख्या पिशव्या घेतलेल्या बायकाच बायका होत्या. एकच प्रसंग सांगते. गलाता पुलाजवळ बूटपॉलिशवाल्याच्या पेटीतून ब्रश पडला, मी हाक मारून उचलून दिला. तो आभार मानत माझे बूट पुसायला बसला, आणि मग पैसे मागू लागला. ब्रश मुद्दाम पाडतात, हा तिथला जुना डाव आहे. मी थोडे पैसे दिले आणि चालू लागले. तुम्ही ब्रश पडला तर पडू द्या.

मुंबईतून निघायच्या आधीच बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवा, आणि शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे सिमकार्डाची गरज पडत नाही. दक्षिणेचा जोराचा वारा सुटला किंवा दाट धुकं असलं तर बोटी बंद होतात. तसं झालं तर एमिनोनूजवळच्या सिर्केजीहून मार्मारे गाडी धरा. २०१३ पासून ती समुद्राखालच्या बोगद्यातून उस्कुदारला जाते. पाणी दिसत नाही, पण पलीकडे जाणं होतं. आणि एकटीने नकोच वाटलं, तर ६ ते २४ तासांचा थांबा असलेल्या स्वतःच्या प्रवाशांना टर्किश एअरलाइन्स फुकट शहरदर्शन घडवते. तेही चांगलंच, फक्त गटाबरोबर त्यांच्या वेळेने चालावं लागतं.

परतीची बोट पाचच्या आत धरा आणि डाव्या हाताच्या बाकावर बसा. तोपकापी, हागिया सोफिया, निळ्या मशिदीचे सहा मिनार, सगळं त्याच बाजूने ओळीने येतं, आणि ऊन तेव्हा घुमटांच्या मागे उतरत असतं. शाल पिशवीत तळाला टाकू नका, पाण्यावर वारा बोचरा असतो.