जाड भिंतीची सवय इकडे मोडावी लागते

तू अमळनेरचा, बी.ई. सिव्हिल, दोन वर्षं जळगावात बिल्डरकडे साइट सांभाळतोस. इंग्लंडला येऊन इमारतींचं ॲकॉस्टिक कन्सल्टिंग, म्हणजे इमारतीतला आवाज कसा अडवायचा आणि आवरायचा याचा सल्ला देण्याचं काम, करायचं आहे, तर सॉफ्टवेअर कोणतं शिकू, कोर्स कोणता घेऊ, असं विचारलंस. आणि शेवटी, "ताई, माले हाई काम जमी का?" जमेल, भाऊ. मी भुसावळची, नऊ वर्षं मँचेस्टरला याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आपल्याकडे शांतता वजनातून येते. यावलकडचं माझ्या आजीचं घर धाब्याचं होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत. गल्लीत वाजंत्री चालू असली तरी आत पाळण्यातलं पोर झोपून राहायचं. तुझ्या साइटवरही नऊ इंची वीट आणि आरसीसी स्लॅबच असणार. इकडे घरांचे मजले बहुतेक लाकडी जॉइस्टवर, म्हणजे आडव्या तुळयांवर असतात, आणि फ्लॅटमधल्या भिंती पुष्कळदा पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर दोन्हीकडून प्लॅस्टरबोर्ड मारून, मध्ये कापसासारखं मिनरल वूल भरून केलेल्या. अशी हलकी भिंत आवाज अडवते ती तिच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट जोडलेल्या नसतात म्हणून. हे मनात मुरायला मला पहिलं पूर्ण वर्ष लागलं.

आणि ते इथे पुष्कळदा मोजून सिद्ध करावं लागतं. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतली आवाजाबद्दलची सरकारी मार्गदर्शिका, ॲप्रूव्ह्ड डॉक्युमेंट ई, 2003 पासून लागू आहे. त्यानुसार नव्या घरांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या भिंतीने किमान 45 डेसिबल आवाज अडवला पाहिजे, आणि त्यात गाण्यातल्या ढमढम खर्जासाठी सी-टीआर नावाची दुरुस्ती धरलेली असते. वरच्या मजल्यावरच्या पावलांसारखा आवाज खाली 62 डेसिबलपेक्षा जास्त उतरता कामा नये. जुन्या इमारतीचे फ्लॅट केले तर हेच आकडे 43 आणि 64. एका प्रकारच्या दर दहा घरांमागे किमान एक चाचणीसंच होतो. तो नापास झाला तर बिल्डरला दुरुस्ती करून पुन्हा चाचणी द्यावी लागते. पावलांच्या चाचणीला टॅपिंग मशीन असतं: अर्धा-अर्धा किलोचे पाच हातोडे, 40 मिलिमीटरवरून, सेकंदाला दहा ठोके. हे यंत्र, मोठा स्पीकर आणि तिकाटणी घेऊन तुला साइट-साइट फिरायचं आहे.

माझी पहिलीच भिंत नापास झाली. नकाशावर ती 50 डेसिबलच्या वर जात होती, मोजली तर 39. दोन्ही फ्लॅटचे विजेचे सॉकेट नेमके पाठीला पाठ लावून बसवलेले, आणि बोर्डाखाली बोटभर फट, वर स्कर्टिंग ठोकलेलं. मी नकाशा तपासला होता, साइट पाहिली नव्हती. दहा चौरस मीटरच्या भिंतीला तळहाताएवढं, दहा बाय दहा सेंटिमीटरचं भोक पडलं, तर भिंत कितीही भारी असो, तिची मजल तीस डेसिबलच्या पुढे जात नाही. हा हिशोब स्वतः मांडून बघ. साइटवर घालवलेली तुझी दोन वर्षं इथेच कामाला येणार आहेत, कारण सुताराने काय केलं असेल ते तुला वाकून बघता येतं. ती दोन वर्षं बायोडेटात दोन ओळींत उरकू नकोस.

निघण्याआधी एक काम कर. पत्र्याचं छत आणि गुळगुळीत फरशी असलेलं एखादं मंगल कार्यालय दुपारी रिकामं असताना गाठ, परवानगी घे, फुगा फोड आणि आवाज किती वेळ घुमतो ते नीट मायक्रोफोन लावून रेकॉर्ड कर. मग घुमण्याचा वेळ काढायचं सेबाइनचं सूत्र लाव: 0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण (सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ गुणिले ते पितात तो आवाजाचा हिस्सा). समज हॉल 20 मीटर लांब, 12 रुंद, 6 उंच, आणि पृष्ठभाग सरासरी 5 टक्केच आवाज पितात. उत्तर साडेपाच सेकंदांच्या आसपास येतं. इथे प्राथमिक शाळेच्या नव्या वर्गाला 0.6 सेकंदाची मर्यादा आहे. पाहुणे बसल्यावर तो आकडा का उतरतो, काय लावलं तर आणखी उतरेल, हे चार पानांत साध्या इंग्रजीत लिही. मुलाखतीत माझ्याकडे असाच एक रिपोर्ट होता, आणि सगळे प्रश्न त्यावरच आले. फोनच्या ॲपवरचे डेसिबल मात्र त्यात घालू नकोस; फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो.

आता कोर्स. सॅलफर्ड विद्यापीठाचं एम.एससी. ॲकॉस्टिक्स मी केलं. तिथल्या प्रयोगशाळा उत्तम आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ ॲकॉस्टिक्सचा डिप्लोमा दुरूनही करता येतो आणि इथल्या कंपन्या तो मानतात, पण त्यावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. पदवीनंतरचा कामाचा व्हिसा 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार आहे, म्हणजे पुढच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायला पहिल्या दिवसापासून लागायचं. स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. वडिलांचं शेत गहाण टाकून मात्र येऊ नकोस; या क्षेत्रातल्या कंपन्या बहुतेक लहान, आणि लहान कंपनीला स्पॉन्सरशिपचा खर्च जड जातो.

सॉफ्टवेअर म्हणशील तर ओडिऑन, इन्सुल, कॅडना-ए ही नावं कानावरून जाऊ देत. ती कंपनीत आल्यावर शिकवतात.

गाडी चालवता येत नसेल तर आधी शिक. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिने चालतं, नंतर इथली परीक्षा द्यावी लागते, आणि ते टॅपिंग मशीन बसमधून न्यायचं वजन नाही. हॉलची मापं आणि फुग्याचं रेकॉर्डिंग मला पाठव, आकडे मी तपासून देते.